वरून दिसलेलं आंगण

गेल्या भादव्यात धामणटेकची टेकडी जगदेवच्या गोठ्यावर आली. अख्खी नाही, एका कडेचा उतार तेवढा घसरला. पण त्यात गोठा गेला, गोठ्यातली बैलजोडी गेली, आणि उतारावरची पळसाची दोन झाडं उभ्याची उभी खाली येऊन जगदेवच्या न्हाणीला टेकली. लोक बरेच दिवस ती झाडंच पाहायला येत होते. मानोऱ्याहून पंचनाम्याला माणसं आली, गेली. मग सोयाबीन काढायचे दिवस आले आणि टेकडीचा विषय मागे पडला.

उन्हाळ्यात तो परत निघाला. टेकडीवरचं गवत वाळून जमीन उघडी पडली की वरून फोटो काढायचे, त्या फोटोंवरून टेकडीचा नकाशा करायचा आणि पुढच्या पावसात ती कुठे घसरेल ते ठरवायचं, असं सरपंच बबनरावांनी समाजमंदिरासमोर सांगितलं.

"इमानातून काढतीन काय?" कोणीतरी विचारलं.

"ड्रोननं," बबनराव म्हणाले. "लग्नात फिरते ना डोक्यावरून घूं करत, तेच."

लग्नात. हा एक शब्द सरिताच्या डोक्यात बसला आणि पुढचं तिने काही ऐकलं नाही.

सरिता ही ग्यानबाची थोरली सून. धाकटी धम्मदीपा. दोघींची घरं टेकडीच्या पायथ्याशी, भिंतीला भिंत लागून. मागे दोघींच्या वाड्या, म्हणजे परसातली आंगणं, मधे पऱ्हाट्यांचं कुंपण, आणि वाड्या संपल्या की लगेच चढ. त्यांचे नवरे संघपाल आणि संघदीप हे दोघे भाऊ वेगळे निघाले तेव्हा ग्यानबाने स्वतः दोरी धरून दोन्ही वाटे सारखे केले होते. तरी सरिताला अजून वाटे, म्हाताऱ्याने धाकट्याच्या बाजूला दोरी सैल सोडली.

धम्मदीपा बारावी झालेली. बचत गटाचं कामकाज तिच्याकडे. बँकेत मान वर करून बोलायची, मोबाइलवर दोन्ही अंगठ्यांनी लिहायची. सरिताची शाळा सातवीत सुटली. तिच्यापाशी एकच गोष्ट होती जिच्यात धाकटी तिच्या पासंगालाही पुरत नव्हती, ती म्हणजे घर. सरिताच्या चुलीमागे राख सापडायची नाही. धाकटीच्या ओट्यावर मात्र सकाळची भांडी संध्याकाळपर्यंत पडलेली, वाडीत गोवऱ्या, फुटका ड्रम, फाटकी ताडपत्री. आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तेच सरिताला जास्त लागायचं. ज्या एका गोष्टीत आपण जिंकतो तिची समोरच्याला किंमतच नसेल, तर जिंकून करायचं काय? सरिताला जावेचा हेवा वाटे. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला माहीत नाही असं फक्त सरिताला वाटायचं.

मे महिन्यात जीप आली. जीपमधून उतरलेला, नवीन राठोड नावाचा तरुण साहेब मूळचा इकडचाच, मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरचा. जमिनी घसरतात त्यांचा अभ्यास करायची त्याची नोकरी. त्याने लोकांना समजावून सांगितलं की शेतात नांगराचे तास घालतात तसं ड्रोन टेकडीवरून येरझाऱ्या घालील आणि शेकडो फोटो काढील. ते सगळे जोडून एक मोठा फोटो करायचा. पण फोटो बरोबर जागेवर बसायला जमिनीवर खुणा लागतात. म्हणून आधी जागोजागी चुन्याच्या मोठमोठ्या फुल्या मारायच्या, त्याला गावातलं एक माणूस पाहिजे, टेकडीची वाट माहीत असलेलं.

बबनरावांनी धम्मदीपाचं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर टोपी, अंगात चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट आणि हातात चुन्याची बादली घेऊन टेकडी चढताना दिसली.

संघपालला भाकरी वाढताना सरिता म्हणाली, "ते जाकीट कोनं देल्लं तिले?"

"साहेबानं."

"आन मले काहून नाई इचारलं कोनी?"

"तुले टेकडी चढता येते काय? पायऱ्या चढतानी गुडघा धरून बसतं तू."

"इचाराले काय जाते? म्या नाई म्हनलं असतं."

संघपालने पाणी पिऊन ग्लास पालथा घातला. या बाईला नाही म्हणण्यासाठी बोलावणं पाहिजे होतं, हे त्याला कळलं. पण कळूनही नवऱ्यांचा काही उपयोग नसतो.

भादव्यापासून दोघींच्या वाड्यांत भेगा होत्या. सरिताच्या निंबाच्या बुडापासून एक मोठी निघाली होती, हात जाईल एवढी. ती वाडी आडवी कापून कुंपणाखालून धाकटीकडे गेली होती. बाकी बारक्या. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, म्हणून घरात कोणी मनावर घेतलं नव्हतं. उघड्या भेगेत एकदा कोंबडीचं पिलू गेलं तेव्हा सरिता हळहळली होती, एवढंच.

पण आता फोटो निघणार होते, आणि तेही वरून. दोन्ही वाड्या एकाच फोटोत शेजारी शेजारी येणार होत्या.

ती पहाटे उठून ओढ्यातून मुरूम आणू लागली. डोक्यावर घमेलं, एक हात कमरेवर. चढाला गुडघा कटकन वाजायचा. मुरूम भेगेत टाकायचा, वर पाणी मारायचं, धुम्मसाने ठोकायचा. बारक्या भेगा लवकर मिटल्या. मोठी मात्र घमेल्यामागून घमेलं गिळत होती. सरिता तिच्यावर चिडून आणखी घमेली आणत होती. दुपारी उन्हं चटके देऊ लागली की ती थांबायची, पदराने मान पुसायची, कुंपणापलीकडे पाहायची आणि परत उठायची.

"कायले मरून राह्यली व?" संघपाल म्हणाला.

"वरून फोटो निघनार हाय. भेगाइचं आंगन दिसलं तं लोक काय म्हनतीन?"

"लोक वरून कवा पाह्यतात?"

"दीपाचं आन आपलं शेजारी येईन. मंग पाह्यतीन."

मागच्या खोलीच्या दाराशी बाजेवर बसलेला ग्यानबा तंबाखू मळत होता. तो थोरल्याकडेच राहायचा, त्या मागच्या खोलीत, जिची भिंत टेकडीकडे होती. म्हातारा म्हणाला, "पोरी, फोटो टेकडीचा काढून राह्यले. तुयी सोयरीक पाहाले नाई येऊन राह्यले."

"तुमी चूप बसा मामाजी. तुमची लाडकी सून टेकडीवर मिरवते ते चालते."

भेगा बुजल्यावर तिने अख्खी वाडी शेणात तांबडी माती कालवून सारवली आणि चारी कडांनी पांढऱ्या मातीचा पट्टा ओढला. बोटांना कातरे पडले होते, मिठाचा हात लागला की आग व्हायची. तरी रात्रीच्या भाकरीला ती गुणगुणत होती.

सारवण ओलं असतानाच कुंपणाच्या फटीतून धम्मदीपा आणि तिच्यामागे नवीन राठोड आला.

"बाई, इथी एक फुली माराची हाय," धम्मदीपा म्हणाली. जाऊ मोठी म्हणून ती सरिताला बाई म्हणायची.

"इथी नाई."

"वरच्या लायनीत ही जागा येते, म्हनून."

"फुली चुकलेल्या गणितावर मारतात. माह्या आंगनात कायले? तुया वाडीत मार, तिथी काई फरक पडत नाई."

धम्मदीपाने बादली खाली ठेवली. नवीन मधे पडला. "ताई, फुली राहू द्या. मी फक्त एकदा आत येऊन जमीन पाहून घेतो."

"बुटानं?" सरिता आडवी झाली. "ओलं हाय साहेब. आत्ताच सारवलं. वाळल्यावर या."

नवीन हसला. त्याच्या आईनेही त्याला असंच ओल्या सारवणावरून परतवलं असणार. "बरं, राहू द्या," म्हणून त्याने हात जोडले आणि फुली पलीकडच्या वाडीत, फुटक्या ड्रमच्या बाजूला मारून घेतली. वाळल्यावर यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. टेकडी मोठी होती आणि दिवस थोडे.

फोटोच्या दिवशी सरिता सणाची साडी नेसून वाडीच्या मधोमध उभी राहिली. ड्रोन घूं करत आलं, डोक्यावरून गेलं, परत आलं. ती मान वर करून उभीच. टेकडीवरून कोणीतरी ओरडलं, "आंगणातल्या बाई, बाजूला व्हा! सावली पडून राहिली!" आवाज धम्मदीपाचा नव्हता, पण ओरडायला तिनेच सांगितलं असणार, असं सरिताने ठरवून टाकलं आणि ती घरात गेली.

काही दिवसांनी समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधून नवीनने तो मोठा फोटो दाखवला. गाव लोटलं होतं. आपलं गाव वरून कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे जो तो आपलं छप्पर शोधत होता. हे माह्यं, ते तुह्यं, तो पा पान्याचा हौद. जगदेवच्या न्हाणीला टेकलेले पळस सापडले तेव्हा पोरांनी टाळ्या पिटल्या.

"अय माय, हे कोनाचं व एवढं नितळ?" बेबीबाई म्हणाली. तिचं घर त्याच ओळीत, सरितापासून दोन घरं सोडून.

"सरिताचं," कोणीतरी म्हणालं.

घासलेल्या परातीसारखं तांबूस आंगण, चारी कडांना पांढरा पट्टा. आणि भिंतीला लागून धाकटीची वाडी: गोवऱ्या, ड्रम, ताडपत्री, मधून गेलेली काळी वाकडी भेग. सरिताचा ऊर भरून आला. बायांच्या माना आपल्याकडे वळल्यात हे तिला न पाहता कळत होतं. मुरमाचं एकेक घमेलं तिथे वसूल झालं.

मग नवीनने काहीतरी दाबलं आणि फोटोवर लाल रेघ उमटली. जमीन जिथे फाटली आहे, जिथे खचली आहे, ते सगळं पाहून ही रेघ काढली, असं तो सांगत होता. रेघेच्या आतली घरं धोक्यात. रेघ जगदेवच्या गोठ्यापासून निघाली, पायथ्यापायथ्याने आली, धम्मदीपाचं घर तिने आत घेतलं आणि सरिताच्या भिंतीपाशी येऊन टेकडीकडे वळून गेली.

बबनराव उठले. "लाल रेघेच्या आत जे हायेत त्याइले खाली फाट्यावर, डांबरी सडकेले लागून जागा. घरकुलबी तिथीच. पाऊस पडाच्या आत घरं खाली कराची, तवरक शाळेच्या खोल्या."

डांबरी सडकेला लागून. सरिताला क्षणात सगळं दिसलं. सडकेवर धाकटीचं पक्कं घर, दारात गटाचं दुकान, शेलूबाजारला जाणाऱ्या जीपा तिच्या दाराशी थांबताहेत. आणि आपण इथेच, टेकडीखाली, ओढ्यातून मुरूम वाहत. फुल्या कोणी मारल्या? हिने. साहेबाच्या मागे महिनाभर कोण हिंडलं? हीच. मग रेघ कुठून जाणार?

तेवढ्यात धम्मदीपा उभी राहिली. "साहेब, बाईच्या वाडीतबी भेग होती. माह्याकडची भेग तिथूनच येते. त्याइचंबी घर आत घ्या."

सगळं गाव सरिताकडे पाहू लागलं. आत्ता आत्ता ज्या आंगणाला लोक नितळ म्हणत होते, त्याच आंगणात ही चार माणसांसमोर भेग दाखवत होती. सरिताच्या अंगाचा तिळपापड झाला.

"खोटं हाय," ती म्हणाली. "आमच्या वाडीत भेग नव्हतीच. फोटोत दिसते काय? सांगा ना, दिसते काय?"

"ताई, आधी होती का?" नवीनने विचारलं.

"नव्हती म्हनलं ना. एखाद्याचं चांगलं पाहावत नाई लोकाइले."

नवीनने संघपालकडे पाहिलं. संघपालने आपल्या चपलांकडे पाहिलं. "घरचं तिलेच ठाऊक," तो म्हणाला. धम्मदीपा खाली बसली. कोणाची हरकत असेल तर आठ-दहा दिवसांत परत येईन तेव्हा सांगा, असं म्हणून नवीनने चादर सोडायला घेतली.

घरी येईपर्यंत सरिताच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. पण लक्षात येणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. जेवताना संघपाल कुरकुरला, "भावाले सडकेवर प्लॉट. आपल्याले दगड-धोंडे." तिने त्याच्यापुढचं ताट उचललं.

"तुमचीबी जीभ होती ना तोंडात? तवा काहून नाई हालली?"

ग्यानबा बाजेवरून म्हणाला, "मरनाच्या रांगेत नंबर नाई लागला म्हनून रडनारी सून म्या पयल्यांदा पाह्यली."

म्हातारा खरं बोलला होता, आणि म्हणून तिला तो त्या रात्रीपुरता नकोसा झाला.

धाकटीचं सामान ट्रॅक्टरमध्ये भरून शाळेत गेलं तेव्हा सरिता दारात तांदूळ निवडत बसली होती. तांदळात खडा नव्हता. कपाट गेलं, शिलाई मशीन गेली, पाण्याची टाकी गेली. एवढं सामान हिच्याकडे कधी आलं? आपल्याला कसं दिसलं नाही? संघदीप "येतो व वयनी" म्हणाला, तिने मान हलवली. ट्रॅक्टर वळल्यावर पलीकडचं घर रिकामं उभं राहिलं. तिला वाटलं होतं, धाकटी नजरेसमोरून गेली की बरं वाटेल. उलट आता कुंपणापलीकडे पाहायला काही राहिलं नाही आणि ज्याच्यासाठी झाडायचं ते गिऱ्हाईकच उठून गेल्यासारखं झालं.

मग गावात कुजबूज सुरू झाली की बेबीबाईच्या पोरांनी घरामागे टिकासाने भेग पाडली. साहेब आला की दाखवणार. सरिताने ऐकलं आणि तिच्या मनाने लगेच हिशेब मांडला: ती तर नवी भेग पाडते आहे. आपण तर आपलीच जुनी उघडणार. यात कसली आली चोरी?

भर दुपारी, संघपाल रानात धसकटं वेचायला गेल्यावर, तिने टिकास उचललं. निंबाच्या बाजूने सुरुवात करायला गेली तर तिथे दोडक्याचा वेल सुकून पडलेला. न्हाणीचं पाणी रोज त्या वेलाला जायचं. तिने न्हाणीपासून पाट पाहत आणला. पाट अर्ध्यातच कोरडा होता. जिथे पाणी संपत होतं तिथे तिचं सारवण बोटभर खचलं होतं, सरळ रेघेत, कुंपणापर्यंत.

तिने टिकास मारलं. स्वतःच्या हाताने ठोकलेला मुरूम स्वतःच फोडताना मनगटाला झिणझिण्या आल्या. घामाने चोळी अंगाला चिकटली, कातरे परत उलले. दोन-तीन ठिकाणी उकरल्यावर एके जागी टिकास आत गेलं ते अडलंच नाही. मुरूम मधेच अडकून बसला होता आणि त्याच्या खाली काही नव्हतं. तिने पऱ्हाटीची लांब काडी आत घातली. काडी गेली. हात खांद्यापर्यंत गेला, तरी काडीला बूड लागलं नाही. आतून गार हवा आली.

सरिता मागे सरकून बसली. भेग घराच्या बाजूला वळली होती. पूर्वी नव्हती वळलेली. तिने नजरेने माग काढला: न्हाणीचा कोपरा, मग मागच्या खोलीची भिंत. आत ग्यानबा दुपारचा झोपला होता, त्याचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं.

नवीन राठोडचा नंबर गावात दोघांकडे होता. बबनराव लग्नाला कारंजाला गेले होते. दुसरा नंबर शाळेच्या खोलीत होता.

शाळेच्या व्हरांड्यात धम्मदीपा विटांच्या चुलीवर भाजी फोडणीला टाकत होती. सरिता पायरीशी उभी राहिली. या म्हणावं एवढीही जागा त्या व्हरांड्यात नव्हती, तरी धम्मदीपाने पाट सरकवला.

"साहेबाले फोन लाव," सरिता म्हणाली.

"काहून?"

"लाव. भेग घराकडे वळली."

धम्मदीपाचा झारा थांबला. "म्या त्या दिवशी सांगतलं तं तुमी मले चार मानसात खोटं पाडलं."

"पाडलं."

"आता मी फोन केला तं साहेब म्हनतीन, जावा-जावानं मिळून बनवलं."

"मंग नको करू," असं म्हणून सरिता उठली. दोन पायऱ्या उतरली. तिसऱ्या पायरीवर तिला म्हाताऱ्याचं घोरणं आठवलं. ती परत फिरली आणि पाटावर येऊन बसली. "कर," ती म्हणाली.

धम्मदीपाने फोन केला. बोलता बोलता तिचा आवाज बदलत गेला, कडक, साहेबांशी बोलायचा. उद्या सकाळी येतो म्हणाले, तिने सांगितलं, आणि लगेच पुढे, "मामाजीले आजच इथी आना. त्या खोलीत झोपू देऊ नका."

हेही हिनेच म्हणावं? सरिताला वाटलं. आपण फोनसाठी धावत आलो आणि म्हाताऱ्याला हलवायचं हिला आधी सुचलं. संध्याकाळी ग्यानबाची बाज शाळेत गेली. बाजेवर बसून तो धाकटीच्या हातची भाजी खात "झ्याक झाली" म्हणाला, तेव्हा सरिताने उशी त्याच्या पाठीमागे जरा जोरातच ठेवली.

सकाळी नवीन आला. पण आधी तो बेबीबाईकडे गेला, वाटेत ते घर लागायचं म्हणून. बेबीबाईच्या पोरांनी भेग पाडताना कडेला मातीचा ढीग तसाच ठेवला होता. नवीनने ढिगाकडे बोट दाखवलं तेव्हा लोक हसून लोळले. त्याच्याआधी आणखी एकाने असंच केलं होतं म्हणे. तो सरिताच्या वाडीत पोचला तोवर त्याचं डोकं तापलेलं होतं आणि मागे निम्मं गाव गंमत पाहायला आलेलं होतं.

त्याने उकरलेला मुरूम पाहिला. टिकासाचे ताजे घाव पाहिले.

"हीबी कालचीच," तो म्हणाला.

"जुनी हाय साहेब," सरिता म्हणाली.

"ताई, त्या दिवशी तुम्हीच अख्ख्या गावासमोर सांगितलं, भेग नव्हतीच. फोटोत पण नाही. मग आता आली कुठून?" तो वळलाच होता. "मला हे खेळ पाहायला वेळ नाही. पाऊस तोंडावर आला, खरंच ज्यांची घरं जाणार त्यांचं पाहू द्या."

धम्मदीपा कुंपणापाशी उभी होती, पण ती या वेळी बोलली नाही. तिने का बोलावं? सरिताला कळलं की हे आता आपल्यालाच सांगावं लागणार, आणि जे सांगायचं ते सोडून दुसरं काहीही सांगून भागणार नाही.

"बुजवली होती म्या," ती म्हणाली.

"काय?"

"भेग. बाकीच्याबी. ओढ्यातून मुरूम आनून बुजवल्या."

"काहून?" नवीन थांबला. रागात त्याची बोली गावची झाली होती. "धोक्याची भेग कोनी बुजवून लपवते काय?"

सरिताने पदर तोंडाशी नेला आणि परत खाली सोडला. वाडीत बाया होत्या, बाप्ये होते, नवरा होता. "वरून फोटो निघनार होता," ती म्हणाली. "दोघीचं आंगन शेजारी येनार होतं. हिच्यापरीस माह्यं चांगलं दिसावं, म्हनून."

"आणि त्या दिवशी नाही म्हणाल्या ते?"

"ती म्हने भेग हाय. म्हनून म्या म्हनलं, नाई."

मग बेबीबाई फिसकन हसली आणि तिच्यामागे सगळी वाडी हसायला लागली. स्वतःची फजिती जरा जुनी झालेली पाहून बेबीबाईचं हसू थांबेना. संघपालसुद्धा तोंड फिरवून हसला. सरिताला वाटलं, भेगेत उतरून जावं, नाही तरी बूड नाहीच तिला. कुंपणाकडे पाहायची तर हिंमतच झाली नाही.

"हासता कायले व?" धम्मदीपाचा आवाज आला. "मी टेकडीवर चुना वाहून राह्यली होती, म्हनून वाचली. घरी असती तं म्याबी बुजवल्या असत्या. बाईचं आंगन पाहून मले का रोज गोड वाटे काय?"

लोक पुन्हा हसले. पण ते हसू आता दोघींत वाटलं गेलं होतं, आणि वाटल्यावर त्याचा डंख गेला. असं कारण कोणी प्लॉटसाठी बनवून सांगत नाही, हे नवीनला पटलं असावं. तो गुडघ्यांवर बसला. हातांनी सुटा मुरूम बाजूला केला आणि आपली मोजायची पट्ट्यांची काठी भेगेत सोडली. काठी जात राहिली. त्याच्या मुठीपाशी आली तेव्हा त्याने काठी बाहेर काढली, न्हाणीचा कोपरा पाहिला, मागच्या खोलीची भिंत पाहिली, आणि उठून हळू आवाजात म्हणाला, "लोकहो, सगळे बाहेर व्हा. इथं एवढी माणसं उभी राहू नका. ताई, घर आजच खाली करा. रेघ मी बदलतो."

हसणं जागच्या जागी थांबलं. माणसं पायांखाली पाहत एकेक करून निघाली. संघपाल धावत कपाटाकडे गेला.

सरिता दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. जीव वाचला, म्हातारा वाचला, सडकेवर जागाही मिळणार. हे सगळं तिला कळत होतं आणि त्याचा तिला आनंदही होत होता. पण त्या आनंदाच्याही आधी एक गोष्ट येऊन बसली होती. जे सांगताना आपला जीव अर्धा झाला, तेच ती कुंपणाला रेलून, कोणी न विचारता बोलून मोकळी झाली. आणि आपण ते आयुष्यभर एकदाही, एकांतातसुद्धा, बोललो नव्हतो. हिला एवढं सोपं कसं जातं? तिच्याकडे पाहताना सरिताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात राग किती होता, माया किती होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

धम्मदीपा कुंपणाच्या फटीतून आत आली, पदर खोचला आणि फळीवरची भांडी टोपल्यात भरू लागली. "मी हे घेते. तुमी अंथरूण-पांघरूण पाहा बाई."

सरिताने डोळे पुसले आणि टोपलं तिच्या हातातून ओढून घेतलं.

"ठेव तू," ती म्हणाली. "पोचे पाडशीन."